पुणे परिसरातील वणवे व वनस्पति-व्यवस्थापन

वनांतील, कुरणांतील वा माळरानांवरील वनस्पतींना लागून आटोक्याबाहेर पसरणाऱ्या आगीस वणवा म्हणतात. वणवा लागण्यापूर्वी गवत, झुडपे व पालापाचोळा यांची विल्हेवाट लावून आगीचा मार्ग तोडणे, तसेच वणवा विझल्यानंतर जळालेल्या जमिनीवर वनस्पतींचे आच्छादन पुन्हा आणणे, या दोन्ही कामांचा वणव्याच्या संदर्भातील वनस्पति-व्यवस्थापनात समावेश होतो. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील व पुणे शहराभोवतालच्या टेकड्यांवर ही कामे निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी केली. मावळातील शेतकरी, सरकारी कुरणांचे रखवालदार, ब्रिटिश अमदानीतील वनखाते व अलीकडची वन समिती यांचे हेतू भिन्न होते. परंतु ज्या काळी गवताला मागणी होती आणि ते कापण्याचा हक्क जवळच्या लोकांना होता, त्या काळी त्याची कापणी वेळेवर होई व आगीला इंधन कमी मिळे, असे या इतिहासावरून दिसून येते. पुण्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या वारजे येथील टेकडी व तीवरील नागरी वन हे या प्रश्नाचे आजचे स्वरूप समजण्यास सोयीचे उदाहरण होय.

स्वाभाविक परिस्थिती : वारजे हे मुठा नदीच्या डाव्या तीरावरील मूळचे शेतकरी वस्तीचे गाव. १९९७ मध्ये ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. गावाच्या पाठीशी असलेल्या टेकड्या दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या असून त्यांच्या उतारांवर मुरुमाचा पातळ थर आढळतो. पुणे शहराचे वार्षिक पर्जन्यमान सु. ७०० ते ७५० मिमी. असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या पावसावर टेकड्यांवर गुडघ्याएवढे ते कमरेएवढे गवत वाढते. ऑक्टोबरमध्ये त्याचे बी पिकते, नोव्हेंबरपासून ते पिवळे पडते आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पूर्ण वाळते. त्यापुढे पहिला वळीव पडेपर्यंतचा काळ वणव्यांचा काळ होय.

मूळ वनस्पति-आच्छादन शुष्क पानझडी प्रकारचे असून त्यात खैर, हिवर, बोर, मोई, सालई, धावडा, पळस इ. वृक्ष विरळ प्रमाणात आढळतात. झाडे विरळ असल्याने ऊन जमिनीपर्यंत पोहोचते व गवत माजते. त्यामुळे येथील वणवा वृक्षांच्या शेंड्यांवरून पसरत नाही. तो जमिनीलगत, गवतातून धावतो. त्याची ज्वाळा फार उंच नसते, परंतु वेग मोठा असतो. उतारावर आग वर चढताना पुढील गवत तिच्या उष्णतेने आधीच तापते व लवकर पेट घेते. म्हणून पायथ्याशी लागलेली आग माथ्यापर्यंत थोड्या वेळात पोहोचते. महाराष्ट्रात विजेमुळे लागणारे वणवे विरळा. बहुतेक सर्व वणवे मनुष्याच्या हातून लागतात. विडी-सिगारेटचे थोटूक, बांधावरचा पेटविलेला कचरा, सहलीस आलेल्यांची चूल आणि नवे गवत जोमाने यावे या समजुतीने मुद्दाम लावलेली आग ही त्यांची नेहमीची कारणे होत.

गवत व आग : गवत जाळल्याने पुढच्या पावसात ते अधिक चांगले येते, ही समजूत जुनी असून तीत काही अंशी तथ्य आहे. जुन्या वाळलेल्या काड्या नाहीशा झाल्याने कोवळे कोंब लवकर उजेडात येतात व राखेतील क्षार त्यांना मिळतात. तथापि दरवर्षी आग लागत राहिल्यास गवताच्या जाती बदलतात. मारवेल व पवना ही जनावरांना आवडणारी बहुवर्षायू गवते सततची चराई व आग यांमुळे मागे पडतात आणि त्यांची जागा कुसळी घेते. कुसळीच्या बीजाला लांब पिळदार कुसळ असते. हवेतील ओलाव्याने ते पीळ सोडते व पुन्हा वळते आणि या हालचालीमुळे बीज आपोआप मातीत रुतते. मातीत रुतलेले बीज वरून जाणाऱ्या आगीतून वाचते. अशा रीतीने आग कुसळीस पोषक ठरते. कुसळी जून झाल्यावर तिची कुसळे जनावरांच्या तोंडाला टोचतात, म्हणून ती फुलोऱ्यापूर्वी कापली नाही तर तिला गिऱ्हाईक राहत नाही. न कापलेली कुसळी उभी वाळते आणि पुढील आगीचे इंधन बनते.

वृक्षांवरील परिणामही सारखा नसतो. जाड सालीचा पळस व मुळांपासून फुटवे देणाऱ्या काही जाती वणव्यानंतर टिकून राहतात. गवताएवढ्याच उंचीची रोपे मात्र मरतात किंवा बुंध्यापर्यंत जळतात. दरवर्षी आग लागणाऱ्या टेकडीवर म्हणूनच म्हातारी झाडे दिसतात, पण त्यांची पोरे दिसत नाहीत. जमिनीवर घरटे करणारे चंडोल, टिटवी, तित्तर यांसारखे पक्षी व सरपटणारे प्राणी यांचीही मोठी हानी होते.

मराठेशाहीतील कुरणे : घोडदळावर आधारलेल्या राज्यात वाळले गवत ही युद्धोपयोगी वस्तू होती. इ. स. १६७० च्या दशकात छत्रपती शिवाजी महाराजांच्या वतीने चिपळूणजवळील छावणीतील लष्करी अधिकाऱ्यांना धाडलेल्या प्रसिद्ध पत्रात गवताच्या साठ्याविषयी तपशीलवार ताकीद आढळते. वैरण पावसाळ्यापर्यंत पुरवून वापरावी, गवताजवळ आगट्या पेटवू नयेत, चिलीम ओढताना जपावे, रात्री दिवा जळत ठेवून निजू नये, कारण उंदीर जळती वात ओढून नेईल व गंजी पेटतील, असा त्याचा आशय आहे. आग लागण्यापूर्वीच तिची कारणे दूर करण्याची दृष्टी या पत्रात स्पष्ट दिसते.

पेशवाईत सरकारी कुरणे राखलेली असत. पावसाळ्यानंतर तेथील गवत कापून त्याच्या गंजी रचीत व पागांसाठी ते वाहून नेत. कापणी व वाहतूक यांसाठी आसपासच्या गावांवर वेठ बसे आणि तिच्याविषयी रयतेच्या तक्रारीही होत. ही व्यवस्था रयतेच्या सुखासाठी नव्हती. तिचा एक आनुषंगिक परिणाम असा, की पुण्याच्या परिसरातील अशा कुरणांतील गवत उन्हाळ्यापूर्वी जमिनीवरून उचलले जाई. याउलट किल्ल्यांच्या घेऱ्यातील झाडी संरक्षणासाठी दाट राखण्याचे धोरण होते. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात या झाडीतील काडीही तोडू देऊ नये, अशा अर्थाचा निर्देश आहे. एकाच राज्यात गवताची जमीन कापून व झाडीची जमीन न तोडता राखली जात होती.

राब व देवराया : पुण्याच्या पश्चिमेकडील मुळशी, मावळ, वेल्हे व भोर या भागांत आग हे शेतीचे नेहमीचे साधन होते. भाताची रोपे तयार करावयाच्या वाफ्यावर शेण, झाडांची डहाळी, पाला, गवत व बारीक माती यांचे थर देऊन ते पावसाळ्यापूर्वी जाळण्याच्या पद्धतीस राब म्हणतात. जाळल्याने तणांचे बी मरते आणि राखेमुळे रोपांना खत मिळते. राब पेटविताना आसपासचे गवत साफ करणे, वाऱ्याची दिशा पाहणे व वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने आग लावून ती सावकाश जळू देणे ही कौशल्ये घराघरांत होती. रानातला वणवा विझविण्यासही हीच कौशल्ये उपयोगी पडत. राबासाठी शेजारच्या झाडांची डहाळी दरसाल छाटली जाई. त्यामुळे रानातील वाळके इंधन कमी होई, परंतु अतिछाटणीने झाडे खुरटत, हेही खरे.

याच भागातील देवरायांमध्ये वेगळी स्थिती आढळते. देवाच्या नावे राखलेल्या या वनखंडांतून लाकूडतोड होत नसल्याने वृक्षांचे छत्र दाट राहिले. सावलीमुळे खाली गवत वाढत नाही व पालापाचोळा ओलसर राहतो. म्हणून भोवतालचे डोंगर जळाले, तरी आग बहुधा देवराईच्या कडेशी येऊन थांबते. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर या वनखंडांच्या महत्त्वाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले.

ब्रिटिश अमदानी : मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची पहिले वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यापूर्वी ते पुण्याजवळील दापोडी येथील सरकारी वनस्पतिउद्यानाचे प्रमुख होते. १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी वनांवरील सरकारी हक्क पक्के केले. १८७८ च्या कायद्याने वनांचे राखीव, संरक्षित व ग्रामवने असे वर्ग पाडले. राखीव वनात आग लावणे, तसेच मनाई असलेल्या काळात विस्तव नेणे वा पेटविणे, हा गुन्हा ठरला. वणवा-संरक्षणाचे पद्धतशीर प्रयोग मात्र प्रथम मध्य प्रांतात झाले. १८६० च्या दशकात सातपुड्यातील बोरीच्या सागवनात पिअर्सन यांनी वणव्यापासून संपूर्ण संरक्षणाचा प्रयत्न केला आणि त्याच्या यशाने इतर प्रांतांतही जाळरेषा आखून वनखंड राखण्यास चालना मिळाली.

वणवा बंद करण्याच्या या धोरणाबरोबर गवत, चराई व राबासाठी लागणारी डहाळी यांवरही निर्बंध आले. पुण्यातच महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात वनखात्यामुळे शेतकऱ्यांच्या जनावरांना चरण्यास जागा उरली नाही, या गाऱ्हाण्याची कठोर शब्दांत मांडणी केली. ठाणे व आसपासच्या जिल्ह्यांतील राबाविषयीच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला. राब ही लोकांची गरज आहे की वनांचा नाश आहे, हा त्यातील एक प्रमुख वाद होता.

वनखात्यालाही गवताचे मोल दुष्काळात कळून आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत राखीव वने चराईसाठी खुली करणे, गवत कापून त्याच्या दाबलेल्या गासड्या दुष्काळी भागांत पाठविणे, असे उपाय योजावे लागले. विसाव्या शतकात गवत कापण्याच्या हक्कास राजकीय अर्थ प्राप्त झाला. १० जुलै १९३० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव वनातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी असे सत्याग्रह झाले. कुलाबा (सध्याच्या रायगड) जिल्ह्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी सत्याग्रहींवर गोळीबारही झाला. मिठाप्रमाणेच गवत ही सामान्य माणसाच्या नित्य गरजेची वस्तू असल्याने ती कायदेभंगासाठी निवडली गेली.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील दोन तरतुदी येथे लक्षणीय आहेत. कलम २६ अन्वये राखीव वनात आग लावणे हा गुन्हा असून हेतुपुरस्सर वा घोर निष्काळजीपणाने आग लागल्यास त्या क्षेत्रातील चराईचे व वनोपजाचे हक्क शासनास तहकूब करता येतात. कलम ७९ अन्वये वनात हक्क असलेल्या लोकांवर वणव्याची वर्दी देण्याचे व तो विझविण्यास साहाय्य करण्याचे कर्तव्य सोपविले आहे. हक्क आणि कर्तव्य यांची ही सांगड कायद्यात होती; तथापि ज्यांचे हक्क आधीच संकुचित झाले होते, त्यांच्याकडून आग विझविण्याची आस्था अपेक्षिणे अनेक ठिकाणी फोल ठरले.

जाळरेषा व इतर पद्धती : वणव्याच्या मार्गात वनस्पतिरहित पट्टा राखणे ही सर्वांत जुनी व खात्रीची पद्धत होय. महाराष्ट्रात या पट्ट्यांना जाळरेषा म्हणतात. वनखंडाच्या महत्त्वानुसार त्या ३, ६ किंवा १२ मी. रुंदीच्या ठेवतात. पावसाळा संपल्यावर प्रथम पट्ट्याच्या दोन्ही कडांचे गवत कापून मधल्या गवतावर टाकतात. ते वाळल्यावर, शेजारचे गवत अजून पूर्ण वाळले नसताना, शांत वाऱ्याच्या वेळी माणसे उभी करून मधला पट्टा जाळतात. ही कामे १५ फेब्रुवारीपूर्वी संपविण्याचा प्रघात आहे, कारण त्या तारखेपासून १५ जूनपर्यंतचा काळ वणव्याचा हंगाम मानला जातो. वेळ साधणे यात सर्वांत महत्त्वाचे असते. पट्टा फार लवकर जाळू गेल्यास हिरवे गवत पेटत नाही आणि उशीर झाल्यास जाळरेषेसाठी लावलेली आगच वणवा होते.

लागलेली आग विझविण्यासाठी पाण्याचा उपयोग डोंगरावर क्वचितच करता येतो. हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपणे, माती टाकणे आणि आगीच्या पुढे काही अंतरावर गवत साफ करून तेथून समोरून आग लावणे, या जुन्या पद्धतीच अधिक उपयोगी पडतात. अलीकडे वाऱ्याच्या झोताने पाला दूर सारणारी, पाठीवर वाहून नेता येणारी यंत्रेही वापरतात. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांनी टिपलेल्या आगींची सूचना राज्यांच्या वनखात्यांना देते. मोठ्या वनांत तिचा फार उपयोग होतो. शहरालगतच्या टेकडीवरील गवत मात्र तास-दोन तासांत जळून जात असल्याने उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमधील काळात आग लागून विझलेलीही असू शकते. अशा ठिकाणी जवळ राहणाऱ्या माणसाची नजर हेच सूचना मिळण्याचे जलद साधन ठरते.

स्वातंत्र्योत्तर काळ : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या टेकड्यांवर वनीकरणाची मोठी कामे झाली. १९८२ मध्ये राज्याचे सामाजिक वनीकरण संचालनालय पुणे येथे स्थापन झाले. उतारांवर समपातळी चर खोदून पाणी जिरविणे व त्यांच्या काठाने रोपे लावणे ही पद्धत रूढ झाली. लावलेल्या जातींत मूळच्या मेक्सिको व मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प या झाडाचा भरणा मोठा होता. जनावरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, ते खडकाळ जमिनीत तग धरते व जळाल्यावर बुडापासून पुन्हा फुटते, हे त्याचे गुण. त्याच्या दाट सावलीत गवत कमी होते व त्या प्रमाणात आगही कमी लागते. परंतु त्याबरोबर स्थानिक गवते, झुडपे व त्यांवर अवलंबून असणारे पक्षी यांनाही जागा उरत नाही, असा वनस्पतिवैज्ञानिकांचा आक्षेप आहे. आग टाळण्यासाठी गवताळ परिसंस्था नाहीशी करावी काय, हा प्रश्न त्यातून उद्‌भवला.

१ जून १९९० च्या केंद्र शासनाच्या परिपत्रकाने वनसंरक्षणात ग्रामस्थांना सहभागी करून घेण्यास मान्यता दिली. महाराष्ट्र शासनाने मार्च १९९२ मध्ये त्यानुसार निर्णय काढला व संयुक्त वन व्यवस्थापन समित्या स्थापन होऊ लागल्या. २००६–०७ पासून चांगले काम करणाऱ्या समित्यांना संत तुकाराम वनग्राम योजनेखाली पुरस्कार देण्यात येऊ लागले. वन हक्क अधिनियम, २००६ याने याहून पुढचे पाऊल टाकले. त्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूच्या झुडपांना कोवळी पाने फुटावीत म्हणून व मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडांखाली आग लावण्याची चाल पूर्व विदर्भात होती. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या गावाने सामूहिक हक्क मिळाल्यानंतर तेंदूपाने तोडणेच बंद केले; छाटणी व आग यांनी होणारी वनाची हानी हे त्यामागील एक कारण होते. हातचे उत्पन्न सोडण्याचा हा निर्णय बाहेरून लादलेला नव्हता आणि त्याचा लाभही गावाच्याच वनाला मिळणार होता.

वारजे येथील नागरी वन : वारजे परिसरात मेंढा वा पाचगावसारखी स्थिती नाही. गाव शहरात विलीन झाल्यावर शेतजमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, मुंबई–बंगळूर महामार्गाचा बाह्यवळण रस्ता येथून गेला आणि गाईम्हशींचे गोठे घटले. टेकडीवरील गवताचे जुने गिऱ्हाईक अशा रीतीने नाहीसे झाले. पाऊस पूर्वीप्रमाणेच पडत असल्याने गवताची वाढ मात्र चालूच राहिली. पायवाटा, रस्ता व वस्ती यांमुळे ठिणगी पडण्याच्या जागा वाढल्या आणि गवत कापणारे हात कमी झाले, असा दुहेरी बदल येथे झाला.

याच काळात वनखात्याच्या ताब्यातील येथील ओसाड टेकडीवर २०१५–१६ पासून नागरी वन विकसित करण्यात आले. वनखाते, स्वयंसेवी संस्था, उद्योगसमूह व नागरिक यांच्या सहकार्याने सु. ४० एकर क्षेत्रावर २३ स्थानिक जातींच्या वृक्षांची लागवड झाली. काही वृक्ष पुढे २५ ते ३० फूट उंच वाढले. तळी व निरीक्षण मनोरेही उभारण्यात आले. ५ जून २०२० रोजी जागतिक पर्यावरणदिनी केंद्र शासनाने देशात २०० नागरी वने निर्माण करण्याची योजना जाहीर केली, तेव्हा वारजे येथील वन आदर्श म्हणून पुढे ठेवण्यात आले.

वणव्याच्या दृष्टीने अशा लागवडीची पहिली काही वर्षे सर्वांत धोक्याची असतात. खड्ड्यात लावलेले रोप गवताच्या उंचीच्या वर जाईपर्यंत आणि त्याची साल जाड होईपर्यंत एका दुपारची आग अनेक वर्षांचे श्रम नाहीसे करू शकते. यासाठी प्रत्येक रोपाभोवतीचे आळे गवतविरहित ठेवणे, वनाच्या सीमेवर व पायवाटांच्या दोन्ही बाजूंस गवत कापून पट्टे मोकळे करणे, कापलेले गवत तेथेच न ठेवता खाली आणणे वा त्याचे खत करणे आणि हंगामात राखणदार ठेवणे ही कामे आवश्यक असतात. तळ्यांचा उपयोग उन्हाळ्यात पाणी हाताशी असण्यासाठी व मनोऱ्यांचा धूर दुरून दिसण्यासाठी होऊ शकतो. झाडे मोठी होऊन त्यांची छत्रे एकमेकांस भिडली, की गवत आपोआप विरळ होते व धोका कमी होतो. शेजारच्या मोकळ्या टेकड्यांवर मात्र गवत उभेच असते आणि आग सीमा ओळखत नाही. म्हणून एका कुंपणाआतील वनाचे संरक्षण भोवतालच्या उतारांच्या व्यवस्थेवर अवलंबून राहते.

वणव्यानंतरचे पुनरुज्जीवन : आग विझल्यावर टेकडी काळी दिसत असली, तरी बरेच काही जमिनीखाली जिवंत असते. बहुवर्षायू गवतांची ठोंबे, पळस व बोर यांची मुळे आणि मातीतील बी पहिल्या पावसात फुटतात. यासाठी प्रथम जळालेले क्षेत्र तुडवण व चराई यांपासून निदान एक पावसाळा राखावे लागते. अर्धवट जळालेली रोपे उपटून न टाकता पावसापूर्वी जमिनीलगत तिरपा काप देऊन छाटल्यास अनेक जातींत मुळांपासून जोमदार फुटवे येतात. पुढे त्यांतील एक-दोन राखून बाकीचे काढून टाकतात. फुटवे न आलेल्या जागी मात्र नवी लागवड करावी लागते.

दुसरी काळजी मातीची. गवताचे आच्छादन गेल्यावर जून महिन्यातील जोरदार सरी राख व मुरुम धुऊन नेतात. ओघळींत दगडांचे लहान बांध घालणे, जळक्या काटक्या उताराला आडव्या पसरणे, जुने चर साफ करणे आणि मारवेल, पवना यांसारख्या गवतांचे बी पेरणे या उपायांनी धूप कमी होते. हे काम वणवा व पावसाळा यांच्या मधल्या थोड्या आठवड्यांत उरकावे लागते. वणव्यानंतर केवळ वृक्षलागवडीचा कार्यक्रम घेतल्यास रोपांभोवती कुसळी पुन्हा माजते व पुढील उन्हाळ्यात तीच आपत्ती ओढवते. पुनरुज्जीवनात झाडांबरोबर गवताचाही विचार करावा लागतो तो याच कारणाने.

इतर देशांतील अनुभव : ऑस्ट्रेलियातील आदिवासी हजारो वर्षे लहान लहान तुकडे आळीपाळीने जाळून मोठ्या वणव्यास अटकाव करीत आले. यूरोपीय वसाहतीनंतर ही चाल अनेक भागांत बंद पडली. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यातील वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडल्यानंतर आदिवासींच्या पद्धतींचा अधिक गांभीर्याने विचार होऊ लागला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९१० च्या प्रचंड वणव्यांनंतर प्रत्येक आग तत्काळ विझविण्याचे धोरण कठोरपणे राबविण्यात आले. त्यामुळे वनांत इंधन साठत गेले व नंतरचे वणवे अधिक उग्र झाले. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये पॅराडाइझ हे गाव जळून वणव्यात ८५ माणसे मरण पावली. तेथे घराभोवती १०० फुटांपर्यंतची झाडी व गवत विरळ ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. भारतातही बोरीनंतरच्या अर्धशतकात संपूर्ण आगबंदीचे दोष दिसून आले आणि साल व साग यांच्या काही वनांत नियंत्रित दहनास मान्यता मिळाली.

हे अनुभव पुण्याच्या टेकड्यांना लावताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. सूचिपर्णी वनांत इंधन अनेक दशके साठत जाते. गवताळ टेकडीवर ते एका पावसाळ्यात तयार होते. तेथे एकदा झाडी विरळ केल्यास तिचा परिणाम काही वर्षे टिकतो. येथे दरवर्षी ऑक्टोबरनंतर तेच काम नव्याने करावे लागते आणि एक वर्षाची हयगयही पुरेशी घातक ठरते.

सद्यःस्थिती व प्रश्न : घोडदळाच्या काळी गवताची कापणी वेठीने, पुढे दूधदुभत्याच्या गरजेने व काही काळ सरकारी लिलावाने होत असे. आता शहरालगतच्या टेकड्यांवर तिची जबाबदारी वनखाते, महानगरपालिका व हौशी नागरिकांचे गट यांच्यात विभागलेली आहे. वृक्षारोपणास उत्साहाने येणारी माणसे पावसाळ्यात मिळतात. गवत कापण्याचे काम त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, उन्हात व गाजावाजाविना करावयाचे असते. बी गळून पडल्यावर पट्ट्यापट्ट्यांनी कापणी करणे, काही भाग पक्ष्यांसाठी उभा ठेवणे, ग्रामीण भागातील पशुपालक व गोशाळा यांना वैरण उचलण्यास परवानगी देणे, कापलेल्या गवताचे खत करणे यांसारख्या मार्गांनी गवताला पुन्हा उपयोग मिळवून देता येणे शक्य आहे. असा उपयोग निर्माण न झाल्यास कापणीचा संपूर्ण भार शासकीय निधीवर व स्वयंसेवकांच्या सवडीवर राहील. वारजे व भोवतालच्या टेकड्यांवर वाढविलेली झाडे टिकण्यासाठी दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी गवताची कापणी व जाळरेषांची कामे पूर्ण होणे अगत्याचे आहे.